कुलपाच्या वर सरांचं नाव

आमच्या शाळेत संगणकाची खोली झाली आणि तिला आमच्या भूमितीच्या सरांचं नाव दिलं, हे भाचीनं सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं. मग ती म्हणाली, "पर आत्या, खोलीला कुलूप असतंय." तेव्हापासून माझं डोकं फिरलंय ते अजून ताळ्यावर आलेलं नाही. ज्या माणसानं सगळी नोकरी शाळेतल्या कपाटांची कुलपं काढण्यात घालवली, आणि त्यापायी शिव्या खाल्ल्या, त्याचं नाव कुलपाच्या वर. असं करायला काय काळीज लागतं मला कळत नाही.

मी एसटीत कंडक्टर आहे, शिरूर-दौंड गाडीवर. दिवसभर माणसांना "पुढं सरका" म्हणून ओरडते, त्यामुळं माझ्या बोलण्यात गोडवा नाही हे आधीच सांगते. सरांवर बोलायला चांगली शिकलेली माणसं पुष्कळ आहेत. कुणी पुण्यात इंजिनिअर आहे, कुणी रांजणगावच्या कंपनीत साहेब आहे. पण ती माणसं सरांबद्दल बोलायला लागली की सर देवमाणूस होऊन बसतात. सर देवमाणूस नव्हते. फार तापट, फार तोंडाळ माणूस होता, आणि त्यांचं कुणाशीच पटत नव्हतं.

निमोण्याच्या पुढं आमचं गाव. गावातली शाळा एका संस्थेची. सर मूळचे दौंडचे, वडील रेल्वेत होते. आमच्या गावात एक खोली भाड्यानं घेऊन राहायचे आणि शनिवारी घरी जायचे. बुटके, रुंद, आणि शर्टाचा खिसा कायम खाली ओढलेला. त्या खिशात पेन नसायचं, त्यांच्या स्वतःच्या टेपचे सेल असायचे. सेल उतरले की ते शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीवर ऊन द्यायला मांडून ठेवायचे. मधल्या सुट्टीत कुणी त्यांना हात लावला तर खैर नसायची. उन्हात तापवून सेलात थोडा जीव येतो, एखादा धडा वाजवण्यापुरता. तेवढा त्यांना पुरायचा. टेप मागं घ्यायला सेल खर्च करायचे नाहीत म्हणून कॅसेटच्या भोकात पेन्सिल घालून ती गरागरा फिरवायचे. हे करता करता वर्गात फिरायचे, आणि कुणी काही विचारलं की फिरवायचं थांबवायचे.

त्यांचं एक वाक्य होतं. वर्गात पाऊल टाकलं की पहिलं तेच. "कुणाचं काय अडलंय?"

सुरुवातीला आम्हाला वाटायचं, म्हणायचं म्हणून म्हणतात. तसं नव्हतं. कुणाचं काही अडलं नसेल तर सर शिकवायचेच नाहीत. खुर्ची दारात ओढून बसायचे आणि बाहेर बघत राहायचे. मग कुणाला तरी कसंनुसं व्हायचं, कुणीतरी उठून म्हणायचं, सर, कालचं ते कळलं नाही. की लगेच उठायचे. ते म्हणायचे, "ज्याचं अडलं न्हाई त्याला शिकवायचं म्हंजी जेवून उठलेल्याला परत पानावर बसवायचं. ते मी करणार न्हाई." हेडसर यावरून त्यांच्याशी भांडायचे, अभ्यासक्रम संपणार कसा म्हणून. अभ्यासक्रम दरवर्षी संपायचा, पण तो कसा संपतो हे हेडसरांनी कधी विचारलं नाही.

तेव्हा आमच्या शाळेत सरकारनं दिलेला रंगीत टीव्ही आला. त्याला लाकडी पेटी होती आणि पेटीला कुलूप. किल्ली हेडसरांच्या खिशात. आठवड्यातनं एकदा दुपारी मुलांसाठी कार्यक्रम लागायचा तेव्हा सगळ्या वर्गांना हॉलमध्ये बसवायचं, पेटी उघडायची, टीव्हीला नमस्कार करायचा आणि गप बसायचं. टीव्हीतल्या बाई फार भराभर बोलायच्या, फार शुद्ध बोलायच्या. आमच्यातली निम्मी पोरं मेंढरं सांभाळणाऱ्यांच्या नाहीतर शेतात रोजानं जाणाऱ्यांच्या घरची. आम्ही त्या बाईंच्या साडीकडं बघत बसायचो.

सर मास्तरांच्या खुर्च्यांवर बसायचे नाहीत, आमच्यात सतरंजीवर बसायचे. आणि टीव्हीशी बोलायचे. मोठ्यानं. "अहो बाई, जरा थांबा की. मागच्या ओळीचं लिहून व्हायचंय." बाई कशाला थांबतात. एकदा सर तिरीमिरीत उठले आणि त्यांनी बटण फिरवून आवाजच घालवला. हॉल एकदम शांत. बाईंचे ओठ तेवढे हलतायत. सर वळून म्हणाले, "कुणाचं काय अडलंय?" मागून एक पोरगा उठला, बौद्धवाड्यातला होता, धीट होता. म्हणाला, "सर, चित्रं कळत्यात. बाई काय म्हणत्यात ते कळंना." झालं. त्या दिवसापासून आमच्या शाळेत टीव्ही मुका झाला. चित्रं चालू आणि बोलायचं सरांनी. बीज कसं रुजतं, ज्वालामुखी कसा फुटतो, सगळं आमच्या बोलीत. कुणी हात वर केला की सर टीव्हीकडं पाठ करायचे आणि त्याचं ऐकायचे. तोपर्यंत चित्र पुढं निघून जायचं, जाऊ दे.

हेडसरांना हे सहन झालं नाही. ते म्हणाले, "आवाज बंद करून टीव्ही लावायचा तर टीव्ही पाहिजे कशाला?" सर म्हणाले, "चित्रं त्यांची चांगली हायत, बोलणं माझं चांगलं हाय. दोन्ही पोरांना पाहिजे." पुढच्या आठवड्यापासून पेटीची किल्ली काही सापडेना. कुठं पडली कुणास ठाऊक, हेडसर म्हणायचे. त्यांच्या खिशात वाजायची ती कसली, हे सगळ्या शाळेला माहीत होतं.

आता सर देवमाणूस नव्हते असं मी म्हटलं, ते का, तेही सांगते. आमच्याकडं नवीन एक मॅडम आल्या होत्या. बिचारीनं रात्री जागून विज्ञानाचे तक्ते रंगवले आणि वर्गात टांगले, पार छताजवळ, पोरांनी फाडू नयेत म्हणून. सर वर्गात आले, वर बघितलं, आणि सगळ्यांसमोर मॅडमना म्हणाले, "हे कुणासाठी टांगलंय, पालींसाठी?" मॅडम रडत बाहेर गेल्या. आम्हाला सरांचा राग आला. माफी वगैरे मागायची त्यांना सवयच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर सर स्टुलावर चढून सगळे तक्ते आमच्या डोळ्यांच्या उंचीला आणून ठोकतायत, आणि मॅडम खालून खिळे देतायत, तोंड फुगवून. असा माणूस. बरोबर असायचा, पण बरोबर असण्याची रीत वाईट होती.

माझं अडलं ते दहावीत.

आमच्या भावकीतली बहुतेक घरं तोवर शेतीत बसली होती. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, मेंढरं ठेवली होती. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं, पाली गावाच्या बाजूला, आणि पावसाच्या तोंडावर माघारी यायचं. दरवर्षी आई आणि वहिनी बरोबर जायच्या. त्या साली आई कंबर धरून बसली आणि वहिनी बाळंतीण. कळपावर भाकरी थापायला आणि कोकरांकडं बघायला बाईमाणूस पाहिजे. घरात राहिले कोण, तर मी. आबा वाईट नव्हते. ते शाळेत आले, पागोटं हातात घेऊन हेडसरांना म्हणाले, "पोरीचं नाव ऱ्हाऊ द्या, परीक्षेला घेऊन येतो." हेडसर म्हणाले, "चार महिने वर्गात नसलेली मुलगी परीक्षेत काय दिवे लावणार? निकाल खराब होतो शाळेचा." आबांनी पागोटं परत डोक्यावर ठेवलं. मी दाराबाहेर उभी होते. दहावी झाले तर माझं काहीतरी वेगळं होणार होतं, नाहीतर पुढच्या दिवाळीला माझं लग्न ठरलेलंच होतं. हे सगळ्यांना माहीत होतं.

सर तिथं कुठून उगवले कुणास ठाऊक. पेन्सिलीवर कॅसेट फिरवत. म्हणाले, "हिचं अडलंय." हेडसर म्हणाले, "तिचं अडलंय, शाळेचं नाही." सर म्हणाले, "मग शाळा कशाला काढली?" फॉर्म भरून घेतला गेला. कसा, ते मला माहीत नाही. सर एवढा आरडाओरडा करायचे की त्यांचं ऐकलेलं परवडायचं.

निघायच्या आदल्या दिवशी सर घरी आले. पिशवीत शाळेचा टेपरेकॉर्डर. हा टेप काचेच्या कपाटात खोक्यासकट ठेवलेला असायचा आणि तपासणीचे साहेब आले की बाहेर निघायचा. साहेबांना दाखवायचा, परत आत. मी तो कधी वाजलेला ऐकला नव्हता. सर म्हणाले, "भूमितीची कॅसेट भरलीय. बाकीच्या विषयांचं वाचून करशील, भूमिती तुझ्यानं वाचून व्हायची न्हाई. सेल थोरल्याबरोबर पाठवीन." थोरला म्हणजे माझा भाऊ, तो बाजाराच्या बेतानं एसटीनं यायचा पीठ-मीठ घेऊन. कॅसेटवर संस्थेच्या अध्यक्षांच्या भाषणाचं लेबल होतं. मी विचारलं तर सर म्हणाले, "कोऱ्या मागितल्या, मिळाल्या न्हाईत. ह्याच कपाटात होत्या. खाचेवर कागद चिकटवला की जुन्यावर नवं भरता येतं. आन् भाषण एकदा ऐकून कुणाचं काय सुटलं न्हाई, दुसऱ्यांदा ऐकून काय सुटणार?"

कोकणात गेल्यावर पहिल्या मोकळ्या दुपारी मी टेप लावला. आणि मला रडू आलं. सर वर्गात बोलतात तसंच बोलले होते. "हा कोन बघा. हा त्या कोनाइतका. आता ही बाजू." कुठला हा? कुठली ही? फळा त्यांच्यासमोर, माझ्यासमोर कोकरं. पुस्तकातली आकृती आणि सरांची आकृती एक नव्हती. मी कॅसेट पुन्हा पुन्हा ऐकली आणि प्रत्येक वेळी जास्तच चिडले. शेवटी कॅसेट उलटी घातली, भरायचं बटण दाबलं आणि सरांना शिव्या सोडून जे तोंडात आलं ते सगळं बोलले. भाऊ आला तेव्हा कॅसेट त्याच्याकडं देऊन टाकली. म्हटलं, "दे त्यास्नी आन् म्हणावं तुमचं तुम्हीच ऐका."

पंधरवडाही झाला नसेल, सर स्वतः हजर. एसटीनं पालीला, तिथून विचारत विचारत चालत. कुत्री अंगावर आली तर पिशवी पुढं करून उभे. मला वाटलं आता वाजणार माझ्या नावानं. सर म्हणाले, "बोललीस ते बरोबर हाय. मी फळ्याशी बोललो." एवढंच. मग त्यांनी मला काहीच शिकवलं नाही. आबांच्या मागं मागं फिरत राहिले. ही काठी केवढी, ह्या खुंट्या किती, कळपाभोवती लावता त्या जाळीला काय म्हणता, वाघूर, बरं, तिला दोऱ्या कशा ताणता. बोकड कुठल्या दोरीनं बांधता. आबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "ह्यो मास्तर शिकवाया आलाय का बाजारात मेंढरं घ्यायला?" सरांनी आमच्यात बसून भाकरी खाल्ली आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले.

मग कॅसेट यायला लागल्या. त्या मी विसरणार नाही.

"बस. काठी घे. जमीन साफ कर. आता टेप बंद कर आन् खुंटी ठोक. ठोकलीस? खोटं बोलू नको. ठोकली नसशील तर मागं जा." असं. "खुंटीला बोकड बांध. त्याला ओढू दे. ताठ दोरीनं गोल फिरला की झालं वर्तुळ. दोरी म्हंजी त्रिज्या. आता बोकड जिथं उभा हाय तिथं त्या गोलाला नुसती शिवून जाईल अशी काठी आडवी ठेव. दोन ठिकाणी शिवली तर चुकलं. एका ठिकाणी शिवली? ती स्पर्शिका. आता दोरी आन् काठी यांच्यात कोन बघ कसा झालाय." काटकोन झाला होता. मी एकटी हसले. आबांनी विचारलं काय झालं. मी म्हटलं, तुमचा बोकड स्पर्शिकेवर उभा हाय. आबांनी बोकडाचं काही चुकलंय का म्हणून उठून बघितलं.

प्रत्येक कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला मी माझं अडलेलं बोलायची. भाऊ घेऊन जायचा. पुढच्या कॅसेटच्या सुरुवातीला त्याचं उत्तर असायचं आणि मग नवीन. एक टेप त्यांच्याकडं, एक माझ्याकडं, मधे अख्खा घाट. वर्गात बसून मला जेवढी भूमिती आली नव्हती तेवढी त्या माळावर आली. फक्त त्रिकोणमिती राहिली होती.

आणि मग अध्यक्षांचा वाढदिवस आला.

हे मी भावाकडून ऐकलं, तो मांडवात मागं उभा होता. शाळेत मोठा कार्यक्रम. अध्यक्ष फेटा बांधून स्टेजवर. हेडसरांच्या मनात आलं, साहेबांचं मागचं गाजलेलं भाषण शाळेच्या टेपवर लावावं. कपाटातून खोकं आणलं, सगळ्यांसमोर टेबलावर ठेवलं, उघडलं. आत थर्माकोल आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली वीट. खोकं हलकं लागू नये म्हणून सरांनी घातलेली. अध्यक्ष म्हणाले, "हे काय आहे?" मागून सर उठले. "वीट हाय साहेब." टेप कुठाय? "कोकणात हाय. मेंढरांत हाय." लोक हसायला लागले. हेडसर घामाघूम. त्यांनी घाईघाईत मांडववाल्याचा टेप घेतला, आणि भाषणाची कॅसेट शोधायला शिपाई पळवला. अध्यक्षांच्या लेबलाची कॅसेट त्याला सरांच्याच टेबलावर मिळाली. त्यानं ती आणली, घाईत नेमकी उलटी घातली.

कर्ण्यातून आधी मेंढरांचं ओरडणं आलं. मग मी.

"सर, ही कॅसेट काय कामाची न्हाई. तुम्ही म्हणता हा कोन आन् तो कोन. हा म्हंजी कुठला? हितं फळा न्हाई, हितं मेंढरं हायत. तुम्ही तुमच्या वर्गाशी बोलताय. माझ्याशी तुम्ही बोलतच न्हाई." आणखीही पुष्कळ होतं. भाऊ म्हणाला, आधी मांडव हसला आणि मग गप झाला, कारण तुझा आवाज रडवेला होता. हेडसर टेपकडं धावले. सरांनी त्यांचा हात धरला आणि स्टेजकडं बघून म्हणाले, "साहेब, ह्या पोरीचं अडलंय. तुमच्या भाषणावाचून कुणाचंच अडलं नव्हतं."

हे वाक्य त्यांना महागात पडलं. त्याच आठवड्यात त्यांची बदली झाली, दौंड तालुक्यातल्या शाखेत. लोक म्हणाले, बरंच झालं की, घराजवळ गेले. दहावीचा वर्ग परीक्षेच्या तोंडावर सोडून जायला लावला याचं कुणाला काही वाटलं नाही. पण मला राग त्याचाही नाही. मला राग येतो तो पुढच्याचा. हेडसरांनी शाळेचा शिपाई एसटीचं भाडं देऊन कोकणात पाठवला. कशाला, तर टेप परत आणायला.

शिपाईमामा आमच्या गावचेच. मान खाली घालून उभे राहिले. म्हणाले, "पोरी, माझ्या पोटाचा सवाल हाय." आबा म्हणाले, "दे त्यांचं त्यांना." मी टेप पुसून दिला. तो गावाला गेला, खोक्यात गेला, खोकं काचेच्या कपाटात गेलं. आणि परीक्षा होईपर्यंत तिथंच होता, कारण तपासणीचे साहेब त्या वर्षी आलेच नाहीत. माझं एवढं अडलेलं असताना त्या टेपाचं तिथं काय काम होतं, हे मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.

त्यानंतर त्रिकोणमितीची कॅसेट आली. सरांनी दौंडहून भावाकडं पोचवली होती, टेप गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. कॅसेट हातात आणि वाजवायला काही नाही. पालीच्या बाजारात एका दुकानदारापाशी टेप होता. त्यानं माझ्याकडं बघून लावली. सरांचा आवाज आला, "उन्हात जा. तुझी सावली बघ." तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि त्यानं गाणी लावली. गणितात मी थोडक्यासाठी नापास झाले. पेपरात झाडाची उंची काढायचं गणित होतं. मी ते नुसतं वाचलं आणि पुढं गेले.

लग्न पुढं ढकललं गेलं ते सरांमुळं. दौंडहून येऊन आबांसमोर त्यांनी असा काही तमाशा केला की आबा म्हणाले, "न्ह्या बाबा हिला, पर वरडू नका." ऑक्टोबरच्या परीक्षेआधी मी त्यांच्या घरी राहिले. रेल्वे लाइनीला लागून घर, मालगाडी गेली की मांडणीवरची भांडी वाजायची. काकूंनी मला जेवू घातलं आणि सरांनी पहिल्या दिवशी ती न वाजलेली कॅसेट लावली. दोघं ऐकत बसलो. सर स्वतःच्याच आवाजावर चिडायला लागले. "हळू बोल की. तिला सावली मोजू दे." मग टेप बंद करून आम्ही बाहेर गेलो आणि रेल्वेच्या पाण्याच्या टाकीची सावली मोजली. मी पास झाले.

कंडक्टर झाल्यावर एकदा सर माझ्या गाडीत बसले. मला वाटलं कौतुक करतील. त्यांनी सगळा वेळ छताकडं बघितलं आणि उतरताना म्हणाले, "घंटेची दोरी पुरुषांच्या मापानं बांधलीय. तू दर थांब्याला टाचा वर करतीस. डेपोत सांगत का न्हाईस?" मी सांगितलं. डेपोतले हसले, पण दोरी खाली आली. ती ओढताना मला सर आठवतात, आणि दौंड येईपर्यंत ती मी पुष्कळदा ओढते.

सर गेले मागच्या वर्षी. पुण्यातल्या माजी विद्यार्थ्यांनी शाळेला संगणक दिले, अट एकच, खोलीला सरांचं नाव. हेडसर आता नवे आहेत, तरुण, गोड बोलतात. किल्ली मात्र खिशातच. त्यांनी सरांच्या स्मृतिदिनाला मला बोलावलं. मी ड्युटीवरून खाकी कपड्यांत तशीच गेले. दार माझ्यासमोर उघडलं, चपला बाहेर काढायला लावल्या. आत पडदे, संगणकांवर शिवलेली मखमली झाकणं. मी एक झाकण उचललं. काचेवर उद्घाटनाच्या दिवशी लावलेलं कुंकू तसंच होतं. एकदा जरी कुणी चालू केला असता तरी ते पुसावं लागलं असतं.

पोरं बाहेर रांगेत उभी होती. ही पोरं वहीत संगणकाचं चित्र काढतात, भागांना नावं देतात, माझ्या भाचीला त्यात पैकीच्या पैकी मार्क आहेत. तिनं मला विचारलं होतं, "आत्या, माऊस हातात कसा लागतो गं?" मी हेडसरांना म्हटलं, पोरांना आत घ्या. ते म्हणाले, "ताई, धूळ आहे, वीज जाते, मुलं बिघडवतात. योग्य वेळी करूच." मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मला भाषण येत नाही. मी पोरांना विचारलं, "कुणाचं काय अडलंय?" पोरं एकमेकांकडं बघायला लागली. त्यांना हा प्रश्न कुणी विचारलेलाच नव्हता. मग भाचीनं हात वर केला. म्हणाली, "हे आम्हाला कवा चालू करू देणार?" हेडसर हसले आणि पाहुणेही हसले.

मला हसू आलं नाही. मी माइकवरच म्हटलं, "एकतर हे कुलूप काढा, न्हाईतर सरांचं नाव काढा. दोन्ही एका दारावर ऱ्हाणार न्हाई." आणि गाडीची वेळ झाली होती म्हणून निघाले.

आठवड्याभरात भाची सांगत आली. रंगकाम चाललंय म्हणून पाटी उतरवली होती. रंग वाळला, पाटी काही परत लागली नाही.

मी दौंडला काकूंकडं गेले. त्यांना कुणाकडून कळण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं. त्या तांदूळ निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई. बंद दारावर त्यांचं नाव कशाला? त्यांना झोप आली नसती."

मी काकूंना हो म्हटलं, पण बरं काही झालेलं नाही. नाव गेलं त्याचं मला काही नाही, सरांना नावाची हौस नव्हती. कुलूप तसंच आहे. भाची यंदा दहावीला आहे. तिचं अडलंय, आणि किल्ली हेडसरांच्या खिशात आहे.